सार्वजनिक यादी आणि नकाराचा अधिकार : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या निवडक सूचींचा इतिहास

मराठीत ‘यादी’ आणि ‘सूची’ हे दोन शब्द आज बहुधा समानार्थी म्हणून वापरले जातात. परंतु त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘यादी’च्या मुळाशी फारसी ‘याद’, म्हणजे स्मरण, आहे. मराठेशाहीच्या दप्तरांत ‘याद’ हा टिपणवजा कागदाचा एक प्रकार म्हणूनच आढळतो. ‘सूची’ हा संस्कृत शब्द. सुई हा त्याचा एक अर्थ आणि अनुक्रमणिका हा दुसरा. विसरू नये ते टिपून ठेवणे हे यादीचे काम, आणि कोठे पाहावे ते दाखविणे हे सूचीचे, असा भेद केला तर तो अगदीच कृत्रिम ठरणार नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जगात गेल्या दहाबारा वर्षांत ज्या सार्वजनिक याद्या वाढीस लागल्या, त्यांच्याकडून या दोन्ही कामांची अपेक्षा एकाच वेळी केली जाते. त्यांच्या इतिहासातील बहुतेक वाद या दुहेरी अपेक्षेतून उद्भवलेले दिसतात.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ लिखित संहिता कोणासही वाचता, वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता येते ते मुक्तस्रोत. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ मध्ये पुढे आली. तिच्यामागील कल्पना अर्थातच जुनी आहे, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाने तिला ‘मुक्त सॉफ्टवेअर’ या नावाने चळवळीचे रूप दिले होते. असे सॉफ्टवेअर हजारो ठिकाणी, हजारो हातांनी, परस्परांना विचारल्याशिवाय लिहिले जाते. त्याला बहुधा दुकान नसते, विक्रेता नसतो, जाहिरातही नसते. त्यामुळे ‘काय उपलब्ध आहे’ आणि ‘त्यातले बरे कोणते’ हे दोन प्रश्न वापरणाऱ्यापुढे नित्य उभे राहतात. त्यांचे उत्तर म्हणून याद्या निर्माण झाल्या. आणि ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने यादीत घालावे, असे आवाहन ओघानेच आले. हे आवाहन करणे सोपे होते. कठीण होते ते एवढेच की, आलेल्या नोंदीस ‘नको’ कोणी म्हणावयाचे आणि शिळी झालेली नोंद कोणी काढावयाची. प्रत्येक पिढीने या प्रश्नाची सोडवणूक निराळ्या रीतीने केली, आणि यादीचे आयुष्य त्या सोडवणुकीवरच अवलंबून राहिले.

सार्वजनिक सहभागातून सिद्ध झालेल्या संग्रहाचे भाषाशास्त्रज्ञांना सर्वाधिक परिचित उदाहरण संगणकाच्या फार पूर्वीचे आहे. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांतील उणिवांविषयी निबंध वाचले. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, टीकाकार नव्हे. शब्द बरा की वाईट हे ठरविणे त्याचे काम नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी वाचकवर्गास उद्देशून आवाहनपत्र काढले. त्याच्या दोन हजार प्रती वाटल्या गेल्या आणि अवतरणांच्या चिठ्ठ्या लाखांनी येऊ लागल्या. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये व शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, आवाहन सर्वांना होते. पण चिठ्ठी छापावयाची की नाही हा निर्णय मरे आणि त्यांचे सहकारी यांच्या टेबलावर होत असे. शब्द वगळावयाचा नाही हे तत्त्व असूनही चिठ्ठ्या मात्र मोठ्या संख्येने वगळाव्या लागत. म्हणजे सर्वसंग्राहक कोशालाही निवड चुकली नाही. जी यादी निवडक म्हणूनच जन्मास येते, तिच्या बाबतीत तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

संगणकाच्या क्षेत्रात या परंपरेचा आरंभ १९५५ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी लॉस एंजेलिस परिसरातील आय. बी. एम. यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ ही संघटना स्थापली. ७०४ या नव्या यंत्रासाठी प्रत्येकाने तीच ती कामे स्वतंत्रपणे करीत बसण्यापेक्षा एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यास द्यावी, हा तिचा साधा हेतू होता. सॉफ्टवेअर त्या काळी यंत्राबरोबर येत असे. त्याची स्वतंत्र किंमत लावण्याची घोषणा आय. बी. एम. ने १९६९ मध्ये केली. ‘शेअर’चे सभासद परस्परांना ओळखत आणि वर्षातून भेटत, म्हणून तेथे ओळख हीच चाळणी होती. १९८५ मध्ये जॅक डोंगारा व एरिक ग्रोस यांनी गणिती सॉफ्टवेअरसाठी ‘नेटलिब’ सुरू केले, तेव्हा चाळणीचे स्वरूप पालटले. अनुक्रमणिका पाठवा, असे दोन शब्द ठरावीक पत्त्यावर ई-मेलने लिहिले की, यंत्रच उत्तर देत असे. मागणे सर्वांना खुले. भर घालणे संपादकांच्या हाती. ‘नेटलिब’ अजूनही चालू आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण ही मर्यादा असावे.

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे जी विषयवार यादी आरंभिली ती पुढे ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ म्हणून ओळखली गेली. एकेका विषयाची यादी एकेका जाणकार स्वयंसेवकाने आपल्याच ठिकाणी सांभाळावी आणि मध्यवर्ती पान केवळ तिकडे बोट दाखवील, अशी तिची रचना होती. रचना उदात्त होती, पण एक स्वयंसेवक थकला की एक विषय थकत असे. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ‘याहू’ ही निर्देशिका पगारी संपादकांवर उभी राहिली. १९९५ मध्ये पर्ल भाषेच्या वापरकर्त्यांनी ‘सीपॅन’ हे भांडार उघडले. तेथे नोंदणी केलेला कोणीही लेखक आपले काम ठेवू शके. ‘सीपॅन’ ट्रेंच यांच्या बाजूचे : सर्व घ्यावे, निवाडा वाचकाने करावा. ‘याहू’ विरुद्ध टोकाची.

या दोन टोकांच्या मध्ये उभे राहण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’. मुक्तस्रोत याद्यांच्या इतिहासात त्याचे स्थान थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. कारण नंतरच्यांनी जे टाळले ते यातूनच शिकून टाळले, असे म्हणावयास जागा आहे. रिच स्क्रेंटा व बॉब ट्रुएल यांनी ५ जून १९९८ रोजी ही निर्देशिका ‘ग्नूहू’ या नावाने उघडली. नावातील ‘ग्नू’ला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी हरकत घेतली, कारण निर्देशिका त्या अर्थाने मुक्त नव्हती, मग ती ‘न्यूहू’ झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नेटस्केपने विकत घेतल्यावर तिला तिसरे नाव मिळाले. चार महिन्यांत तीन नावे हा नामकरणाच्या अभ्यासकांना गंमतीचा विषय आहे. पण त्यातील पहिल्या हरकतीत एक गंभीर मुद्दा दडलेला होता. लोक फुकट श्रम करणार असतील, तर त्या श्रमांचे फळ कोणाच्या मालकीचे? नेटस्केपने संपूर्ण सूची इतरांस वापरण्यास खुली केली आणि पुढे गूगलनेही आपल्या निर्देशिकेसाठी ती वापरली, तेव्हा या प्रश्नाला काही अंशी उत्तर मिळाले.

नकाराच्या अधिकाराची वाटणी मात्र अखेरपर्यंत नीट जमली नाही. संपादक होण्यासाठी अर्ज करावा लागे. अर्ज मान्य झाला की एखादा लहान वर्ग हाती येई, आणि हळूहळू मोठे वर्ग मिळत. संपादक नसलेल्याने केवळ सूचना करावयाची. सूचना पाठविल्यावर ती कोणी पाहिली काय, नाकारली असेल तर का, हे कळण्याची खात्रीची वाट नव्हती. नोंद मिळण्यास महिनोन्महिने लागतात, संपादक स्वतःच्या किंवा मित्राच्या स्थळास झुकते माप देतात आणि प्रतिस्पर्ध्याचे स्थळ अडवून धरतात, अशा तक्रारी वारंवार होत. त्यांतील सर्वच खऱ्या नसतील. परंतु निर्णय बंद खोलीत होत असल्यामुळे खोट्या तक्रारीचे निरसन करणेही संपादकांना अशक्य होते. ऑक्टोबर २००६ मध्ये यंत्रणा कोसळली आणि डिसेंबरपर्यंत संपादकांना काम करता आले नाही. तोवर शोधयंत्रांनी निर्देशिकांची गरज बरीच कमी केली होती. मार्च २०१७ मध्ये प्रकल्प बंद झाला, त्या वेळी त्यात सुमारे ३८ लाख स्थळे आणि १० लाखांहून अधिक वर्ग होते, आणि आरंभापासून ९० हजारांहून अधिक संपादकांचा हात त्यास लागला होता. ‘याहू’ची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस आधीच बंद पडली होती.

केवळ सॉफ्टवेअरच्या याद्यांत दोन नावे येथे येणे आवश्यक आहे. १९९७ मध्ये सुरू झालेले ‘फ्रेशमीट’ हे नव्या आवृत्त्यांची रोजनिशी ठेवीत असे. २०११ मध्ये त्याचे नाव ‘फ्रीकोड’ झाले आणि जून २०१४ मध्ये त्यात नवी भर पडणे थांबले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची निर्देशिका, जिला २००३ मध्ये युनेस्कोचेही साह्य लाभले, एका वेगळ्या कसोटीवर चालते : सॉफ्टवेअर चांगले आहे काय यापेक्षा ते खरोखर मुक्त आहे काय, हे त्याच्या संहितेतील परवान्याचा मजकूर वाचून तपासले जाते. हे काम संथ आहे, आणि वकिली टिपणासारखे रुक्षही. पण अन्यत्र ते क्वचितच कोणी करते.

यानंतर जे घडले त्यात साधनाचा वाटा मोठा आहे. २००५ मध्ये लिनस टॉरव्हल्ड्‌स यांनी ‘गिट’ ही आवृत्ती-नोंदणीची पद्धती लिहिली, आणि २००८ मध्ये तिच्यावर आधारलेले ‘गिटहब’ सर्वांसाठी उघडले. ते संहितेसाठी होते, यादीसाठी नव्हे. परंतु यादी हाही शेवटी मजकूरच. ज्यास भर घालावयाची आहे तो यादीची स्वतःपुरती प्रत घेतो, तिच्यात एक ओळ लिहितो आणि ती मूळ यादीत सामावून घ्यावी अशी विनंती, ‘पुल रिक्वेस्ट’, पाठवितो. संपादक त्या ओळीवर शेरा मारतो, दुरुस्ती सुचवितो, स्वीकारतो किंवा नाकारतो. ही सारी देवघेव कोणासही वाचता येते आणि तशीच राहते. स्वीकारलेल्या ओळीसोबत लिहिणाऱ्याचे नाव व दिनांक इतिहासात नोंदले जातात. आणि संपादकाचा निर्णय पटला नाही, तर प्रत घेऊन वेगळी यादी चालविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ‘ओपन डिरेक्टरी’त जो नकार मौनात होत असे तो येथे साक्षीदारांसमक्ष होऊ लागला.

या साधनाचा यादीसाठी उपयोग अनेकांनी एकाच सुमारास केला. पीएचपी आणि पायथन या भाषांसाठीच्या याद्यांनी ‘ऑसम’ हे विशेषण आधीच धारण केले होते. जुलै २०१४ मध्ये सिंद्रे सोरहुस या नॉर्वेजियन प्रोग्रॅमरने ‘ऑसम’ याच नावाने अशा याद्यांची यादी काढली. ‘फ्रीकोड’ थांबल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दोन्हींत कार्यकारणभाव नाही, पण एका प्रकारच्या यादीचा काळ संपून दुसरीचा सुरू झाल्याची ही तिथी म्हणून सोयीची आहे. ‘ऑसम’ या इंग्रजी शब्दाची कथाही बोधक आहे. भीतियुक्त आदर उत्पन्न करणारे, असा त्याचा जुना अर्थ. बोलीत झिजत झिजत तो आपल्या ‘झकास’पाशी येऊन पोचला. अर्थाची एवढी झीज झालेल्या शब्दावर निवडीची सारी प्रतिष्ठा उभारणे धोक्याचे होते. म्हणून मूळ यादीचे नियम जणू त्या शब्दास जुना कस पुन्हा देऊ पाहतात. यादी म्हणजे निवड, साठा नव्हे. जे आहे ते सर्व न घालता, स्वतः वापरून ज्याची शिफारस करता येईल तेवढेच घालावे. नोंदीचे वर्णन वस्तुनिष्ठ असावे, जाहिरातीचे वाक्य उतरवू नये. नव्याने प्रविष्ट होऊ पाहणारी यादी किमान तीस दिवस जुनी असावी. विनंती करणाऱ्याने इतरांच्या प्रलंबित विनंत्यांपैकी दोन तरी तपासून त्यांवर अभिप्राय द्यावा. नियम खरोखर वाचले आहेत याची खूण म्हणून ‘युनिकॉर्न’ हा एकच शब्द शेऱ्यात लिहावा, अशीही अट घातलेली आढळते. शेवटची अट पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या कोणासही तिची उपयुक्तता समजावून सांगावी लागणार नाही.

या नियमांमुळे एक नवा श्रमविभाग अस्तित्वात आला. पूर्वी नोंद तपासण्याचा भार संपादकावर असे; आता तो बराचसा नोंद आणणाऱ्यावर आला. ‘गो’ भाषेच्या यादीत प्रवेशासाठी प्रकल्पाचा पाच महिन्यांचा इतिहास, दस्तऐवज आणि चाचण्यांचे ठरावीक प्रमाण दाखवावे लागते. स्वतःच्या यंत्रावर चालविण्याजोग्या सॉफ्टवेअरची जी मोठी यादी आहे, ‘ऑसम सेल्फहोस्टेड’, तिची अट अशी की, पहिली आवृत्ती चार महिन्यांहून जुनी असावी आणि परवाना मुक्त असावा. जे मुक्त नाही ते वेगळ्या पानावर. चार महिन्यांची अट प्रथमदर्शनी जाचक वाटते. परंतु उत्साहाच्या भरात प्रसिद्ध केलेले आणि पुढच्याच ऋतूत टाकून दिलेले प्रकल्प किती असतात, हे ज्याने पाहिले त्याला काळ हाच सर्वांत स्वस्त परीक्षक वाटल्यास नवल नाही. २०२३ मध्ये या यादीच्या संपादकांनी एक निर्णायक फेरबदल केला : एका लांबलचक मजकुराऐवजी प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतंत्र, ठरावीक रकान्यांची नोंद ठेवावयाची आणि वाचण्याची यादी त्यांतून यंत्राने सिद्ध करावयाची. मरे यांच्या चिठ्ठ्या आणि छापील कोश यांचेच हे नाते.

सहभागाचे मोल जेव्हा यादीबाहेरच्या कोणी ठरविले, तेव्हा या सर्व व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. २०१४ पासून डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरात मुक्तस्रोत कार्यास उत्तेजन म्हणून ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवीत आली आहे. २०२० मध्ये चार विनंत्या पाठविणाऱ्या पहिल्या सत्तर हजारांना टी-शर्ट, किंवा त्याऐवजी त्यांच्या नावे एक झाड, असे बक्षीस होते. महिना उजाडताच प्रस्तावनेत एखादे विशेषण वाढविणाऱ्या, स्वल्पविराम हलविणाऱ्या, शीर्षकाला निष्कारण स्तुती जोडणाऱ्या विनंत्यांचा पूर आला. याद्या आणि प्रस्तावनापर मजकूर यांना त्याचा विशेष त्रास झाला. कारण तेथे भर घालण्यास संहितेचे ज्ञान लागत नाही. आयोजकांनी ३ ऑक्टोबरलाच नियम बदलले : जो प्रकल्प स्वतःहून सहभागी होईल तेथीलच विनंत्या मोजल्या जातील. या प्रसंगाचा दोष नवख्यांच्या माथी मारण्याचा मोह अनेकांस झाला. तो न्याय्य नव्हे. यादीत एक ओळ घालणे ही मुक्तस्रोत कार्याची पहिली पायरी आहे, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले होते. ती पायरी दुसऱ्या कोणाच्या विनामूल्य श्रमांवर टेकलेली आहे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

तो श्रम कोणता, हे बाहेरून दिसत नाही. मूळ ‘ऑसम’ यादीस तीन लाखांहून अधिक वाचकांनी पसंतीचा तारा दिला आहे. तारे जितके अधिक तितका तेथे आपले नाव असावे हा हव्यास अधिक, आणि तितक्याच विनंत्या अधिक. स्वीकारलेली नोंद कोणीतरी आणलेली असते आणि तिच्यासोबत आणणाऱ्याचे नाव राहते. नाकारलेल्या नोंदीचा आणि वेळेवर काढलेल्या नोंदीचा वाचकाला पत्ताही लागत नाही. दुवे तुटले आहेत काय, हे तपासणारी छोटी साधने आता उपलब्ध आहेत, आणि ती अनेक याद्या नियमाने वापरतात. परंतु दुवा शाबूत असून त्यामागचा प्रकल्प मात्र ओसाड पडला आहे, ही गोष्ट माणसालाच ओळखावी लागते. ज्या याद्यांनी काढून टाकण्याचा नियम लिहून ठेवला नाही, त्या अल्पावधीत ‘सीपॅन’सारख्या झाल्या, फरक एवढाच की, ‘सीपॅन’ने निवडीचा दावा कधी केला नव्हता.

मराठी वाचकांचा या इतिहासाशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो प्रोग्रॅमिंगच्या विनामूल्य पुस्तकांच्या यादीतून. ही यादी प्रथम ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर जन्मली. प्रश्नोत्तरांच्या चौकटीत सतत वाढणारी यादी नीट बसत नव्हती. म्हणून ती गिटहबवर हलविली गेली, आणि आज ‘फ्री ईबुक फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था तिची व्यवस्था पाहते. भाषावार विभागणी हे तिचे वैशिष्ट्य आहे. अभ्यासक्रमांच्या विभागात हिंदी, बंगाली, कन्नड, मल्याळम यांच्याप्रमाणे मराठीचेही स्वतंत्र पान आहे. दुवा शक्यतो लेखकाच्याच स्थळाचा द्यावा, संक्षिप्त केलेले दुवे देऊ नयेत, पुस्तक खरोखर विनामूल्य आहे याची खात्री करावी, नोंदी वर्णक्रमाने लावाव्यात, असे तिचे नियम आहेत.

यांपैकी शेवटचा नियम निरुपद्रवी दिसतो. देवनागरीत मात्र तो तसा नाही. युनिकोडच्या संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र स्थान नाही. ते जोडाक्षरे म्हणून अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या खाली जातात. मराठीच्या परंपरागत वर्णमालेत ‘ह’ नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असा क्रम आहे, आणि युनिकोड संघाच्या भाषावार माहितीकोशात मराठीसाठी हाच क्रम नोंदलेला आहे. म्हणून केवळ संकेतांकांवरून क्रम लावणाऱ्या साधनाला ‘ज्ञ’ने आरंभ होणारे शीर्षक ‘झ’च्या आधी हवे असेल, आणि मराठी वाचक ते पानाच्या तळाशी शोधील. अशा शीर्षकाची नोंद घेऊन येणाऱ्याला आपल्या विनंतीसोबत हा क्रमभेद समजावून सांगणारी दोन वाक्ये लिहावी लागतील. आणि ती विनंती ज्याच्यापुढे जाईल त्या संपादकाला बहुधा मराठी येत नसेल.